वादीचा बॉल

"घट्ट धर. सोडू नको," आण्णा म्हणाले.

ब्लॅडरची रबरी नळी मी दोन बोटांत आवळून धरली होती. आण्णांनी सायकलचा पंप बाजूला ठेवला, दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं, नळी मुडपली आणि मी बोटं काढता काढता तिच्यावर भराभर वेढे घातले. थोडंसं फुस्स झालं. तेवढी हवा जायचीच, ती धरूनच आण्णा दोन पंप जास्त मारायचे.

"आता तुझं काम."

मी बॉल मांडीत घेतला. तपकिरी कातड्याच्या पट्ट्या शिवून केलेला बॉल, एका बाजूला वीतभर चीर, चिरेच्या आत कातड्याची जीभ. नळीचं मुडपलेलं बोंडूक त्या जिभेखाली सपाट बसवायचं, मग चिरेच्या दोन्ही कडांच्या भोकांतून चामड्याची वादी ओवायची आणि बुटासारखी आवळत न्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण हवा भरल्यावर चीर ताणलेली असते, आत बोट जेमतेम शिरतं, आणि बोंडूक जरा तिरकं राहिलं की वर टेंगूळ येतं. टेंगूळ आलेला बॉल हवेत डुलत जातो. डोक्यावर घेणाऱ्याच्या कपाळाला तेच टेंगूळ आणि वादीची गाठ लागली, तर कातडं फाटतं.

कोल्हापुरातल्या आमच्या चिंचेच्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये बॉल डोक्यावर घेणारे म्हणजे आण्णा. आकाराम इंगवले. गिरणीत फिटर, आणि रविवारी तालमीचे कप्तान आणि सेंटर हाफ. त्यांच्या डाव्या भुवईवर एक पांढरा व्रण होता, आणि केसांच्या रेषेला लागून दुसरा. तो दुसरा झाला त्या रविवारी मी नऊ वर्षांची होते. तोवर आण्णाच बॉल बांधायचे. पुढच्या रविवारी त्यांच्या गिरणीतल्या जाड बोटांना ते बोंडूक सरळ करता येत नव्हतं, ते स्वतःशीच चिडत होते, आणि मी न विचारता मधेच बोट घातलं. माझं बोट आत गेलं. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि बॉल माझ्या मांडीवर ठेवला. तेव्हापासून बॉल मीच बांधत होते, आणि तेव्हापासून त्यांचं कपाळ फुटलं नव्हतं.

"बसली का जीभ?"

"बसली."

"बघू." त्यांनी डोळे मिटून चिरेवरून अंगठा फिरवला. "इथं जरा हाय."

"वादी ओढली की जाईल."

"जाईल?"

"जाईल, आण्णा."

"बरं."

आई गेल्यावर आमच्या घरात माणसं तीनच. आण्णा, मी आणि आण्णांची थोरली बहीण हौसाआत्या. आण्णा पहाटे गिरणीत जायचे, तिथून परस्पर तालमीत, आणि रात्री माझं जेवण झाल्यावर घरी यायचे. त्यांच्याशी बोलायचं ते या सकाळी. तेही फार नाही. जीभ, वादी, कातड्याला लावायचं एरंडेल. पण त्या तासाभरात ते माझ्यासमोर मांडी घालून बसायचे, आणि त्यांचं लक्ष माझ्या हातांवर असायचं.

"झाली का बाप-लेकीची पूजा?" आत्या चुलीपासून ओरडली. "भाकरी गार व्हायला लागली. पोरीच्या जातीला चेंडू बांधायला शिकवतोयस. उद्या सासरी नवऱ्याला काय बॉल बांधून वाढणार हाय?"

"नवराच गोलकीपर बघू," आण्णा म्हणाले.

"बघ, बघ. आणि तालमीत कळलं म्हंजी तुझाच बॉल करतील."

आत्या ते हसत म्हणाली, पण आम्ही दोघंही हसलो नाही. मॅचच्या आधी बॉल तालमीत मारुतीच्या पायाशी ठेवायचे. नारळ फुटायचा, खेळाडूंच्या कपाळाला मारुतीचा शेंदूर लागायचा, आणि मग कप्तान बॉल हातात घेऊन हलगीच्या मागून मैदानाकडे निघायचा. तालमीचा उंबरा बाईनं ओलांडायचा नाही. मारुतीपुढं जायच्या वस्तूला बाईचा हातही लागायचा नाही, मग ती बाई अकरा वर्षांची का असेना. हे मला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. पायरीवर चप्पल वाजली की मी बॉल सोडून शेजारी ठेवलेलं गव्हाचं सूप पुढ्यात ओढायची, आणि आण्णा वादी हातात घेऊन स्वतःच बांधत असल्यासारखे बसायचे. त्यासाठीच ते सूप तिथं असायचं.

त्या सकाळी चप्पल वाजली तेव्हा माझी अर्धी वादी ओवून झाली होती.

"आकाराम, हाईस काय घरात?"

बंडाकाका. तालमीचे गोलकीपर, आण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. मी सूप ओढलं. ते आत आले ते काखेत एक पिशवी मारून, आणि ती त्यांनी अशी उघडली की जणू आत जिवंत ससा आहे.

बॉल होता. पांढरा, त्यावर काळे ठिपके. इतका पांढरा की आमच्या शेणानं सारवलेल्या सोप्यात तो परका दिसत होता.

"काय हाय, सांग," बंडाकाका म्हणाले.

"बॉल हाय."

"नुसता बॉल? आरं, चंद्र हाय चंद्र! आपल्या महादूनं धाडलाय मुंबईवरनं. जालंधरचा माल."

आण्णांनी तो हातात घेतला. फिरवला. पुन्हा फिरवला.

"तोंड कुठाय याचं?"

"त्येच तर! तोंडच न्हाई. ह्ये बघ, हितं एवढंसं भोक. सुई घालायची, पंप मारायचा, सुई काढायची. खलास काम. वादी न्हाई, जीभ न्हाई, कायसुदीक न्हाई."

"आत ब्लॅडर हाय न्हवं?"

"हाय की."

"फुटलं तर?"

"तर नवा आणायचा."

"आणि ह्यो?"

"टाकायचा."

"टाकायचा," आण्णा म्हणाले. त्यांनी बॉल कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारली. मग उठून अंगणात गेले आणि उंच फेकून एकदा डोक्यावर घेतला. आवाज निराळा आला. आमचा बॉल धप्प वाजायचा, हा टण्ण वाजला.

"हलका हाय."

"हलका न्हाई, बरोबर हाय. तुझाच जड हाय. त्यो नदीत पडला की भिजलेल्या जोंधळ्याचं पोतं हुतंय. तुझ्या मानेचा काटा ढिला झालाय त्या पोत्यानं, म्हणून असा बोलायलायस." बंडाकाकांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. "काय माले, बरोबर न्हाई का?"

मी गव्हातला खडा शोधत राहिले.

"आज ह्योच न्यायचा," ते म्हणाले. "फायनलला बॉल आपला. ह्यो बघितला की नदीवेसवाल्यांची तोंडं कशी हुतील!"

तेव्हा तसा रिवाज होता, गेल्या वर्षी जिंकलेल्या तालमीचा बॉल फायनलला घ्यायचा. गेल्या वर्षी आम्ही जिंकलो होतो. मी बांधलेल्या बॉलनं.

"बघू," आण्णा म्हणाले.

"बघू काय त्यात? ह्या बॉलनं तुझं कपाळ तरी शाबूत ऱ्हाईल."

"त्याला काय झालंय?"

"दोन वर्सं काय झालं न्हाई, ते नशीब तुझं. त्याच्या आधी दोनदा टाकं पडलं हुतं. बांधतोय कोण रं हल्ली तुझा बॉल?"

"मीच," आण्णा म्हणाले.

बंडाकाका नवा बॉल तिथंच ठेवून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला तरी आण्णा हलले नाहीत. दोन्ही बॉल जमिनीवर शेजारी शेजारी होते. एक गुळगुळीत, एक अर्धा बांधलेला, वादीची दोन टोकं बाहेर लोंबणारा.

"आण्णा, कुठला नेणार?"

"तुला काय वाटतं?"

असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मला म्हणायचं होतं, माझा न्या. पण मला तेवढं कळत होतं की कपाळ त्यांचं आहे.

"नवा चांगलाय," मी म्हणाले.

"हं. चांगलाय."

मी वाट बघितली. मी सूप बाजूला केलं आणि उठायला लागले.

"अगं, अर्धा कुठं ठेवतेस? बांधून काढ तो."

मी बांधला. इतका चांगला मी तो आधी कधी बांधला नव्हता. वादीचं शेवटचं टोक आत खुपसल्यावर चीर नुसती रेघ दिसत होती. आण्णांनी डोळे मिटून अंगठा फिरवला आणि मान हलवली. मग भाकरी खाऊन, आमचा बॉल कापडी पिशवीत घालून आणि नवा काखेत मारून ते तालमीकडे गेले.

दुपारी मी पेठेच्या कोपऱ्यावर पाणपोईपाशी जाऊन उभी राहिले. मैदानावर मी कधी गेले नव्हते. बायका-मुली जात नसत. पण मिरवणूक पाणपोईवरून जायची आणि ती बघायला कुणाची बंदी नव्हती. मला फक्त कप्तानाच्या हातात काय आहे ते बघायचं होतं.

हलगी वाजायला खूप उशीर झाला. तालमीच्या दारात माणसं दाटली होती, आतून कुणाचातरी चढा आवाज येत होता. शेवटी हलगी कडाडली. झेंडा आला, पोरं नाचत आली, त्यांच्यामागून वस्ताद आले. तालमीचे सगळ्यात वडीलधारे, पांढरा फेटा, कधी न हसणारे ज्ञानू वस्ताद. त्यांच्यामागे कप्तानानं यायचं.

आले बंडाकाका. दोन्ही हात छातीपुढे, आणि हातांत तो पांढरा बॉल.

मी आण्णांना शोधलं. ते सगळ्यांच्या मागे होते. त्यांच्या हातात काही नव्हतं. सगळ्यांच्या कपाळावर शेंदराची बोटं ओढलेली होती, आण्णांचं कपाळ कोरं होतं. मला वाटलं, डोक्यावर घेताना चिकटतो म्हणून त्यांनी आज लावला नसेल. ते माझ्यासमोरून गेले. मी हाक मारली, हलगीत ती कुणाला ऐकू जाणार? त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर थांबले नाहीत.

मिरवणूक पुढे गेल्यावर तालमीतला एक पैलवान माझ्याकडे आला. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते माझ्या हातात दिलं नाही. माझ्या पायांशी जमिनीवर ठेवलं आणि टॉवेल काढून घेतला.

"तुझ्या बानं सांगितलंय. घरला ने."

आमचा बॉल होता. एका अंगाला ओली माती लागली होती, कुणीतरी पुसायचा प्रयत्न केल्यासारखी फासटलेली. मी तो फ्रॉकच्या ओच्यात धरून घरी नेला. वाटेत एक-दोघी बायका हसल्या. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसला, एरंडेलाचं बोट लावलं आणि कोनाड्यात ठेवला.

आत्या म्हणाली, "परत आणलास?"

"नवा चांगलाय," मी म्हणाले.

मॅच मी नेहमीसारखी गच्चीवरून ऐकली. मैदान लांब होतं, पण वारा तिकडून असला की गर्दीचा आवाज यायचा. आमच्या पेठेचा गोल झाला की आधी आरोळी आणि मग लगेच फटाके. त्या दिवशी दोनदा आरोळी आली, दोन्ही वेळा मी फटाक्यांची वाट बघत कठड्याला धरून उभी राहिले. दोन्ही वेळा फटाके नदीवेशीच्या बाजूला वाजले.

माणसं परतू लागली. हलगी नव्हती. आमच्या भिंतीखाली दोघं-तिघं बिड्या पेटवायला थांबले, त्यांना वर कुणी आहे याचा पत्ता नव्हता.

"आकारामला झालंतं काय आज? बॉल डोक्यावरनं जातुया, आन् ह्यो खांबावाणी हुबा!"

"दोन्ही गोल तसंच. एक उडी मारली असती तर..."

"नवा बॉल कळला न्हाई त्याला."

"कळला न्हाई कशाचा? भ्याला. वय झालं."

"मग कशाला ऱ्हायचं मैदानात? बायकांत बसून गहू निवड म्हणावं."

ते हसले. त्यांच्या बिड्यांचा वास वर आला.

आण्णा दिवेलागणीला आले. आत्यानं काही न विचारता पाण्याची बादली पुढे केली. त्यांनी पाय धुतले, तोंड धुतलं, कपाळावरून ओला हात कितीतरी वेळ फिरवला.

"बॉल आला का घरी?"

"कोनाड्यात हाय."

त्यांनी तो घेतला आणि सकाळी बसलो होतो तिथंच बसले. मी समोर बसले. त्यांनी वादीचं आत खुपसलेलं टोक नखानं उकरून काढलं आणि एकेका भोकातून वादी ओढत बाहेर काढली. बांधायला मला वेळ लागायचा, सोडायला काहीच लागला नाही. बोंडकाचा दोरा त्यांनी दातानं तोडला. हवा गेली. बॉल त्यांच्या मांडीत बसका होत गेला.

"हरलो," ते म्हणाले.

"ऐकलं."

"हं."

"नवा कसा होता, आण्णा?"

"चांगला होता."

मग ते म्हणाले, "हात बघू."

मी हात पुढे केले. त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली, कंदिलाच्या उजेडाकडे जरा वळवून. उजव्या हाताच्या बोटाच्या पेरावर वादीनं पडलेला घट्टा होता, तो त्यांनी अंगठ्यानं चाचपला. मला वाटलं, ते काहीतरी म्हणतील. त्यांनी हात सोडले.

"जा, जेव," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी आण्णांनी बॉल आणला नाही, कारण नव्या बॉलला घरी आणायचं कारणच नव्हतं. त्याला सुई पुरत होती, ती तालमीत होती. आण्णा स्वतःही गेले नाहीत. गुडघा धरतो म्हणाले. आमच्या जुन्या बॉलचं कातडं त्यांनी बोळातल्या चांभाराला देऊन टाकलं आणि त्याचे चपलांचे पट्टे झाले. रविवारी सकाळी ते सोप्यात बसून पेपर वाचू लागले. मी आत आत्याच्या हाताखाली असायची. कधी त्यांना पाणी द्यायला बाहेर आले की ते पेपर खाली करायचे, तांब्या घ्यायचे, पुन्हा पेपर वर करायचे. आम्हा दोघांच्या मधे ठेवायला काही उरलं नव्हतं.

मला वाटायचं, नवा बॉल चांगला निघाला आणि माझी गरज संपली. यात रागावण्यासारखं काही नव्हतं. मोठी झाल्यावर तर मला ते अगदी रास्त वाटायचं. जगात सगळीकडे असंच होत आलं आहे, आधीपेक्षा सोपी वस्तू येते आणि त्या कामाला बसणारे हात मोकळे होतात. मी पुष्कळ वाचलं. शिकायला सांगलीला गेले आणि तिथल्याच कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. लग्न जमलं नाही, पुढे मीच जमवायचं सोडून दिलं. आण्णा महिन्यातून एकदा यायचे. बसायचे, चहा घ्यायचे, पंखा कुरकुरतोय म्हणून स्टुलावर चढून तेल घालायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे.

शेवटच्या काही वर्षांत ते माझ्याकडेच राहिले. वर्ल्ड कप लागला की रात्री जागून बघायचे. मी पुस्तक घेऊन शेजारी बसायची. त्यांची नजर खेळाडूंवर कमी आणि बॉलवर जास्त असायची. दर वेळी तो निराळाच असायचा. कधी चांदणीच्या नक्षीचा, कधी पंख्याच्या पात्यासारख्या रंगीत पट्ट्यांचा. पाऊस पडत असला तरी भिजायचा नाही, जड व्हायचा नाही.

"याला शिवण दिसत नाही गं."

"आता टाके घालत नाहीत, आण्णा. उष्णतेनं चिकटवतात."

"हं."

शेवटच्या वर्ल्ड कपला मी त्यांना सांगितलं, "या वेळी आत एक यंत्र बसवलंय म्हणे. बॉलला कुणाचा पाय कधी लागला ते लगेच कळतं."

"कुणाचा लागला ते?"

"हो."

"मग माणसानं बघायचं काय?"

त्यांना बोलतं करायची ती एक संधी होती. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आण्णा, ती फायनल आठवते? नव्या बॉलची?"

"बॉल हलका होता," ते म्हणाले, आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

या पावसाळ्याअखेर ते गेले. झोपेतच. दिवस कोल्हापूरच्या घरी केले. पेठेतली माणसं येऊन गेली, बरीचशी मला ओळखू न येणारी. सगळं उरकल्यावर एका दुपारी मी भांडी पुसून ठेवत होते, तेव्हा दारात काठी वाजली.

"माले, हाईस काय?"

बंडाकाका. ऐंशीच्या पुढचे, वाकलेले. हाताची बोटं तिरपागडी, गोलकीपरची असतात तशी. नातवानं रिक्षातून सोडलं होतं. मी त्यांना खुर्ची दिली.

"तू हाईस तशीच हाईस. चष्मा तेवढा लागला."

"तुम्हीपण तसेच आहात, काका."

"मी? माझी निम्मी हवा गेली बघ. वरनं बॉल दिसतोय एवढंच." ते हसले आणि हसता हसता खोकले. "मला यायला उशीर झाला. दवाखान्यात हुतो. आकाराम गेल्याचं पोरांनी मला आठ दिवस सांगितलंच न्हाई."

मी चहा ठेवला. ते सोप्यात इकडे तिकडे बघत होते.

"हितंच बसून बॉल बांधायचीस न्हाई तू?"

माझ्या हातातली साखरेची बरणी तशीच राहिली. "तुम्हाला कसं माहीत?"

"कसं म्हंजी? समद्या तालमीला म्हाईत हाय. त्या फायनलला केवढा घोळ घातला तुझ्या बानं!"

"कसला घोळ?"

"आता गं बाई. तुला ठावं न्हाई?" त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "मारुतीपुढं बॉल ठेवायचा हुता. मी म्हटलं नवा ठेव, आकाराम म्हटला, न्हाई, वादीचा. वस्ताद म्हटलं, आरं बाबा, वादीनं कपाळ फुटतंय तुझं, तूच कसा नको म्हणतोस? तर ह्यो म्हटला, ज्यानं बांधलाय त्याच्या हातचा बॉल मला कधी लागत न्हाई. वस्ताद म्हटलं, असा कोण कारागीर गावलाय तुला, आमाला बी सांग. आता मला सांग, कुणी बी काय म्हटलं असतं? मीच बांधतो म्हटलं असतं. घरात मला तेच सांगितलंतं की त्यानं, सकाळीच."

"मग?"

"ह्यो म्हटला, माझी माला बांधती."

गॅसवर चहा उतू गेला. मी तो बंद केला.

"वस्तादांनी बॉलकडं बघितलं, मारुतीकडं बघितलं. मग पायानंच त्यो बॉल भाईर ढकलला, गटारात गेला. मारुतीला पाणी घातलं, नवा शेंदूर लावला. आकारामला म्हटलं, कान धर, चुकलो म्हण, आन् घे नवा बॉल हातात. ह्यो म्हटला, चुकलो काय? दोन वर्सं तिच्या हातचाच बॉल देवापुढं ठेवतोय, तवा देव काय बोलला न्हाई. गटारातनं बॉल काढला, आपल्याच शर्टानं पुसत बसला. वस्तादांनी त्याला शेंदूर लावला न्हाई. नवा बॉल माझ्या हातात दिला. मी घेतला. खोटं कशाला बोलू, मला तवा बरंच वाटलं."

मी चहा गाळून त्यांच्यापुढे ठेवला. माझा ओतला नाही.

"आन् मग मैदानात ह्यो उडीच मारंना. बॉल डोक्यावरनं चाललाय. मी मागनं बोंबलतोय, आकाराम, घे! आकाराम, घे! ह्यो नुसता वर बघतोय."

"रागानं?"

"आता ते काय सांगू? रागानं म्हणावं, तर डोळ्यात राग नव्हता. बॉल कळला न्हाई म्हणावं, तर त्याला न कळणारा बॉल मी बघितला न्हाई. मी कधी इचारलं न्हाई. त्या दिसानं आमचं बोलणंच कमी झालं. ह्यानं तालमीत पाय ठेवला न्हाई परत. वस्तादांनी मरायच्या आधी दोनदा बोलावणं धाडलं, तरी गेला न्हाई."

बाहेरून एक मोटारसायकल गेली. काका बशीत चहा ओतून फुंकत बसले. त्यांना आता हलकं वाटत होतं, ते दिसत होतं. ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर पुष्कळांना सांगितली असणार, आणि मलाही ती माहीत असेलच असं धरून चालले असणार.

"मला वाटलं, तुला सांगितलं आसंल," ते म्हणाले. "लोकं म्हणायची, आकाराम घुम्या झाला. मी म्हणायचो, भाईर बोलत न्हाई तर न बोलंना. घरात लेक हाय. तिच्यासंगं बोलत आसंल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बशी त्यांनी तोंडाशी न नेता तशीच धरली होती.

"बोलायचो की, काका," मी म्हणाले. "रोज बोलायचो."

"मग झालं," म्हणत त्यांनी बशी तोंडाला लावली.